गड्ड्यापर्यंत

एकवीस वर्षं मी टॉवेल तपासतो,
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात.
ट्यूबलाइटच्या टेबलावरून कापड ओढत न्यायचं,
सुटलेला धागा दिसला की खडूची फुली.
म्हणून क्लबात सगळे माझ्याकडे वळले:
गड्डमअण्णा, तुम्हीच सांगा,
माल न बघता घ्यायचा का?

माल म्हणजे इलियास शेतसंदी, गोलकीपर, वय एकोणतीस.
डावा खांदा दोनदा निखळलेला,
दुसऱ्यांदा मिरजेत, कॉर्नरवर,
स्वतःच्याच बॅकचं कोपर लागून.
मे महिन्यात त्या क्लबानं त्याला मोकळं केलं.
कागदावर फ्री एजंट. मोकळं हा शब्द त्याचा,
चहा बशीत ओतताना वापरलेला,
उजव्या हातानं.

कलशेट्टी सर म्हणाले, चाचणी घेऊ. पंधरा चेंडू.
मग बघू सहीचं.
बिराजदार म्हणाले, आणि चाचणीतच निखळला तर?
तर बरंच की, सर म्हणाले,
सहीच्या आधी कळलं.

कोणी हसलं नाही. कोणी काही बोललंही नाही.
माझ्यापुढं कॅशबुक उघडं होतं,
शिल्लक अकरा हजार चारशे.
त्यात एक नवी जाळी येते,
किंवा खांद्याचा एक एमआरआय आणि रिक्षा.

माझे वडील सूत घेताना
दोन बोटांत धरून तोडून बघायचे.
कळायचं, पक्कं आहे.
तो तुकडा मात्र गेलेला असायचा.
कोनावर अजून मैलभर सूत असे,
म्हणून त्यांना परवडायचं.
याला खांदे दोनच.

रेल्वे कॉलनीमागचं मैदान, ऑक्टोबर,
साडेसहालाच माती तापायला लागलेली.
सर उजवीकडे मारत राहिले.
आठ चेंडू उजवीकडे,
आठही त्यानं घेतले,
दुकानदार सुटे मोजून गल्ल्यात टाकतो तसे.
नववाही उजवीकडे आला तेव्हा तो हललाच नाही,
जाऊ दिला जाळीत.
म्हणाला, सर, डावीकडं मारा की.
दया करायला घरी बायको आहे माझी.

थांबा, मी म्हणालो.
खिशात चलन होतं, पन्नास डझन टॉवेलचं,
त्याच्या पाठीवर लिहिलं:
आजच्या चाचणीत काही झालं तर दवाखाना क्लबचा.
य. न. गड्डम, खजिनदार.
तारीख घातली. वेळही घातली, सहा पंचावन्न.
सर म्हणाले, अण्णा, ठराव नाही, मीटिंग नाही.
मी म्हणालो, कोरम आहे,
गोलमध्ये एक, बाहेर तीन.

इलियासनं ते दोनदा वाचलं,
घडी करून हातमोज्यात सरकवलं.
डाव्या.

दहावा डावीकडे गेला, जोरात.
सरांना हळू मारता येत नाही, खरं तर.
तो झेपावला. उशिरा झेपावला,
ते तिघांनाही दिसलं.
बोटं लागली, चेंडू खांब घासून बाहेर,
आणि तो पडून राहिला.

बिराजदार धावले.
मी धावलो नाही, खोटं कशाला सांगू,
मी अकरा हजार चारशेतून वजा करत होतो.
जवळ गेलो तर तो बाहीत घुसलेली कुसळं
एकेक करून काढत होता.

सर म्हणाले, अजून पाच राहिले.
मी म्हणालो, पुरे.
मला दिसायचं ते दिसलं होतं, तो अर्धा सेकंद.
तिथं मी मनात फुली मारली.
पण फुली म्हणजे फेकून देणं नसतं, हे बाहेरच्यांना माहीत नसतं.
फुलीचा टॉवेल सेकंड म्हणून निघतो.
माझ्या घरी सगळे सेकंडच आहेत,
पाणी चांगलं टिपतात.

करार झाला गड्ड्यापर्यंत.
यात्रा संपली की पुन्हा बसायचं, तोवर महिन्याचे अडीच हजार.
सर अजून म्हणतात, पंधरा मारायला हवे होते.
असेलही.

चलन त्यानं परत दिलं नाही.
मी मागितलं नाही.
शेठ रोज विचारतात,
पन्नास डझनचा कागद कुठं गेला, गड्डम?